आईंनी धुतलेल्या ॲम्ब्युलन्सबद्दल

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण गेले काही आठवडे टेबलावर वाकून बसल्यामुळे कंबर धरली आहे. तेव्हा हा नमस्कार उभ्याउभ्याच घातलेला आहे. आशीर्वाद मात्र पूर्ण द्यावा, उभ्या नमस्काराला अर्धा असं करू नये. वहिनींचा खोकला गेला का? धाकट्याचा दात आला का? तुमच्या इमारतीची लिफ्ट अजून ‘लवकरच’ सुरू होणार आहे, की आता ‘लवकरच’ची पाटीसुद्धा गंजली? (पाटी गंजली असेल तर तिचा एक जवळून काढलेला फोटो मला पाठवा. कारण पुढे कळेल.) आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे ‘ठीक’ या शब्दात माणूस काय काय कोंबतो त्यावर ते आहे, आणि हे पत्र त्या कोंबलेल्या सामानाचं आहे.

तुम्ही निरोप ठेवलात की आईंची तब्येत कशी आहे ते दोन ओळींत कळवा. दादा, तुम्ही मुख्याध्यापक. तुमच्याकडे मुलं दोन ओळींत साम्राज्यं बुडवतात. मी विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघून अहवाल लिहायचे, हे माझं पोट. एका वाकड्या बंपरवर मी तीन पानं लिहितो, आणि इथे तर तुमच्या आईंचा पाय आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर मी फोन कानाला लावला रे लावला की आतून आवाज येतो, “कोण आहे? माझ्याबद्दल काय चाललंय?” वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला पेशंटने उशीखाली सिगारेट लपवली तर ती ज्यांना ऐकू यायची, त्यांच्यापासून फोन काय लपणार! म्हणून कागद.

खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं आणि तुमच्याकडे जिने, आमच्याकडे तळमजला, म्हणून आई आमच्याकडे आल्या, इथपर्यंत तुम्हाला ठाऊक आहे. पण आमच्याकडे रिकामी खोली म्हणजे माझी खोली, हे तुमच्या बहिणीने तुम्हाला सांगितलं नसणार. ही ती खोली, जिथे तुम्ही एकदा डोकावून “खेळणी छान आहेत” म्हणाला होतात. (मी ते मनात ठेवलेलं नाही. फक्त तारीख लक्षात आहे.) ती खेळणी नव्हेत. ती लष्करी वाहनांची प्रमाणबद्ध मॉडेलं आहेत. रणगाडे, ट्रक, तोफा ओढणाऱ्या गाड्या, सगळं तळहातावर मावणारं. आता जोडणं आणि रंगवणं कुणालाही जमेल. खरं काम त्याच्या पुढे सुरू होतं. दुकानातून आत्ता आल्यासारखी दिसणारी गाडी आमच्या मॉडेलवाल्यांच्या मंडळात कुणी बघतही नाही. ती चिखल तुडवून आलेली दिसली पाहिजे. पत्र्याच्या कडांचा रंग उडालेला हवा, बोल्टांखाली गंजाचे ओघळ हवेत, धुराच्या नळकांड्याभोवती काजळी हवी, चाकांच्या खाचांत वाळलेला चिखल हवा. याला वेदरिंग म्हणतात. ऊन, पाऊस, धूळ आणि वर्षं मिळून जे काम करतात ते मी एकटा, पंख्याखाली बसून, बारीक ब्रशाने करतो. म्हणजे बघा, दिवसा लोकांनी गाडीवर मुद्दाम पाडलेले खोटे ओरखडे पकडायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः खोटे ओरखडे पाडायचे. ऑफिसात हे कुणाला सांगितलेलं नाही. कृपया तुम्हीही सांगू नका.

आणि या खोलीत, या टेबलापासून हाताच्या अंतरावर, खाट कुणाची? तर उभी हयात सर्जिकल वॉर्डची हेड सिस्टर म्हणून काढलेल्या बाईंची! ज्यांच्या राज्यात जंतूंना मरण्यापूर्वी परवानगी काढावी लागे! मी धास्तावलोच होतो. शिवाय आमचं बोलणंही कधी नव्हतं. भांडण नाही, राग नाही, नुसतं बोलणं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आई माझ्याशी जे काही बोलत ते तुमच्या बहिणीमार्फत. मी समोर बसलेला असताना, “यांना विचार, चहा घेणार का?” मग ती मला विचारणार, मी तिला ‘हो’ म्हणणार, ती त्यांना ‘हो’ म्हणणार. तोवर चहा निवलेला. आदर म्हणा, संकोच म्हणा. मीही त्यांच्या समोर पाय पसरून कधी बसलो नाही. अशी दोन माणसं एका खोलीत संध्याकाळचे तासन् तास. मी गाडीला चिखल लावतोय, त्या बघताहेत. मी ब्रश पुसला की त्या डोळे मिटून घेत. एकदा तुमच्या बहिणीला म्हणाल्या, “हे दिवसभर ऑफिसात असतात ना गं? मग घाण करायला यांना वेळ कधी मिळतो?” मी ब्रश धुवायला बाहेर गेलो तो बराच वेळ आलो नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण दादा, खरी गोष्ट अशी की आई चालत नव्हत्या. तुम्ही काळजी कराल म्हणून तेव्हा कळवलं नाही. (तुमच्या बहिणीचा निर्णय. माझी मान फक्त हलली.) हाड जुळलं होतं, टाके सुकले होते, डॉक्टर म्हणाले की आता चालल्या नाहीत तर पाय आखडेल आणि मग कायमचं अंथरूण. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट बाई येत. चांगल्या होत्या बिचाऱ्या. आईंनी त्यांचं नाव ‘मोडतोडवाली’ ठेवलं. त्या आल्या की आई डोळे मिटून घेत, पाय उचलायला सांगितलं की म्हणत, “उद्या.” धरून उठवावं तर अंग असं सैल सोडत की मोडतोडवालीच खाटेवर बसायची. त्यांच्या हालचालींची एकूण मर्यादा खाटेशेजारची खुर्ची, तीही दोघांनी धरल्यावर. चालायचं वॉकर कोपऱ्यात उभं. शेवटी आम्ही त्यावर टॉवेल वाळत घालायला लागलो. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी पेशंटांना रागावून उभं करणाऱ्या या बाई, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून “उद्या”. तुमची बहीण स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची. नळाच्या आवाजात ऐकू येत नाही असा तिचा समज आहे. मी तो मोडलेला नाही.

आता ॲम्ब्युलन्सकडे येतो. आमच्या मंडळाचं वार्षिक प्रदर्शन तोंडावर आलेलं. मंडळाचे अध्यक्ष आणि मुख्य परीक्षक म्हणजे ‘जनरल’. ते चष्म्याचे दुकानदार आहेत, सैन्याशी त्यांचा संबंध माझ्याइतकाच, पण भिंग डोळ्याला लावून असे बघतात की समोरच्याचे पाय आपोआप जुळतात. गेल्या वर्षी माझ्या रणगाड्यासमोर बराच वेळ वाकून शेवटी म्हणाले, “चिखल चांगला आहे. पण ही गाडी कुठे गेलेली नाही.” एवढंच, आणि पुढच्या टेबलाकडे निघून गेले. दादा, हे वाक्य वर्षभर माझ्या पोटात होतं. खरंच होतं ते. माझ्या गाड्यांवर सगळं असायचं, गंज, काजळी, ओरखडे, पण कुणी त्यांचं दार कधी उघडलंय, कुणी पायरीवर पाय ठेवून चढलंय, असं वाटायचंच नाही. म्हणून यंदा ठरवलं की रणगाडा नको. जिच्यात माणसं सतत चढतात-उतरतात अशी गाडी घ्यावी. युद्धभूमीवरची ॲम्ब्युलन्स घेतली. खाकी-हिरवट रंग, दोन्ही बाजूंना पांढऱ्या वर्तुळात लाल फुली, मागे दोन दारं, आत दोन स्ट्रेचर. रंगाचा एक थर दिला, त्यावर तुमच्या बहिणीचा केसांना मारायचा स्प्रे मारला (तिला ‘संपला असेल’ असं सांगितलं), त्यावर हिरव्याचा दुसरा थर. युक्ती अशी की मधला स्प्रे पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओला ब्रश घासला की वरचा रंग कडांना सुटतो आणि खालचा दिसतो. अगदी वापरून उडाल्यासारखा. मी मात्र घाबरत घाबरत टोकाटोकाने ओरखडे काढले आणि वर मनापासून चिखल थापला. टायरपासून टपापर्यंत. उत्साहाच्या भरात फुलीवरही.

ते काम झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून घरी आलो. दुपारी आईंकडे लक्ष ठेवायला शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू येऊन बसतात, त्या खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेल्या. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. सिंकशेजारी, घडी घातलेल्या स्वच्छ फडक्यावर, माझी ॲम्ब्युलन्स. चकाचक. चाकांच्या खाचा कोरलेल्या, काचा लखलखीत, मागची दोन्ही दारं उघडी टाकलेली, आत हवा लागावी म्हणून. शेजारी भांड्यांचा साबण आणि एक मऊ टूथब्रश. (माझा.) आठवड्यांची मेहनत मोरीच्या पाइपातून वाहून गेलेली. मी तिथेच मनात एक भाषण तयार केलं. इतक्या वर्षांचं सगळं त्यात होतं, निवलेल्या चहासकट. आणि तरातरा खोलीत गेलो.

आई खाटेवर बसलेल्या. टेकून नाही, ताठ. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि ओल्या. मी तोंड उघडणार एवढ्यात त्याच बोलल्या, आणि तुमची बहीण घरात नसल्यामुळे म्हणा किंवा कसं, थेट माझ्याशी बोलल्या.

“ॲम्ब्युलन्स अशी ठेवतात का हो? आत माणूस झोपवायचा असतो.”

मी म्हणालो, “आई, ती...” आणि थांबलो. वॉकर कोपऱ्यात होतं. त्यावरचे टॉवेल तसेच, एकाची घडीही मोडली नव्हती. काकू घोरत होत्या. आणि सिंक दाराच्या बाहेर, बोळाच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या त्या टोकाला.

“आई, तुम्ही स्वयंपाकघरात गेलात?”

“मग? ती काय आपली आपण चालत गेली?”

दादा, माझं भाषण मला आठवेना. मी बाहेर जाऊन चपलांच्या स्टँडवर बसलो. तुमची बहीण आली तेव्हा मी तिथेच होतो. तिला वाटलं, काहीतरी वाईट झालं. मी तिचा हात धरून तिला सिंकपाशी नेलं आणि ती चकचकीत ॲम्ब्युलन्स दाखवली. तिने आधी गाडीकडे बघितलं, मग खोलीच्या दाराकडे, मग त्यांच्यातल्या अंतराकडे. यावेळी नळ सोडायचीही तिला शुद्ध राहिली नाही.

त्या रात्री जेवताना आम्ही कुजबुजत ठरवलं की हा प्रयोग पुढे न्यायचा. पहिला प्रयत्न फसला. मी माझा सर्वांत घाणेरडा रणगाडा सिंकपाशी ठेवून ऑफिसला गेलो. परत आलो तर तो तिथेच, तितकाच घाण. आईंचं म्हणणं (पुन्हा मुलीमार्फत, पण आता अर्धं माझ्याकडे बघून) असं की रणगाड्याचं कामच घाण, तो धुऊन काय करायचाय! म्हणजे ॲम्ब्युलन्सच हवी. आता समजून घ्या माझी अवस्था. रोज संध्याकाळी मी मन लावून तिला चिखल लावायचा, आणि रोज दुपारी आईंनी ती धुवायची. आणि दर वेळी मी ती थोडी लांब ठेवायची. आधी बोळातल्या फळीवर. मग जेवणाच्या टेबलावर. मग फ्रिजवर, म्हणजे हात वर करून पाय ताणायला लागेल. (मोडतोडवालीच्या कागदावर हा व्यायाम चित्रासकट होता. आईंनी त्या कागदावर पाण्याचा पेला ठेवला होता.) मग मागच्या गॅलरीत, जिथे उतरायला एक पायरी आहे. त्या दिवशी तुमच्या बहिणीने ऑफिसातून काकूंना इतके फोन केले की काकूंचं शिवण चुकलं आणि कुणाच्या तरी सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. पण ॲम्ब्युलन्स धुतली गेली. मोडतोडवाली बाई पायाची हालचाल बघून खूश. म्हणाल्या, माझ्या व्यायामाचा गुण. आम्ही दोघं माना डोलावत होतो आणि आई छताकडे बघत होत्या.

पण मीही माणूस आहे. प्रदर्शन जवळ येत चाललेलं, आणि माझी एकमेव प्रवेशिका रोज अंघोळ करतेय. मंडळातले बाकीचे फोन करून विचारत, “गाडी कुठवर आली?” मी काय सांगणार, गॅलरीपर्यंत आली? एका संध्याकाळी ठरवलं की आज शेवटचा, पक्का चिखल लावायचा, वर वॉर्निश मारायचं आणि गाडी कपाटात कुलपात. आईंना काय वाटायचं ते वाटो. दिवा ओढला, ब्रश भिजवला, गाडी हातात घेतली. आणि हातातच राहिली.

चालकाच्या दाराच्या मुठीभोवतीचा रंग गेला होता. मी काढतो तशा ओरखड्यांनी नाही, तर झिजून, जसा रोज हात लागून जातो तसा. मागच्या पायरीची कड मधोमध उडालेली, दोन्ही टोकांना शाबूत. टपाच्या कडा बोटांनी गुळगुळीत झालेल्या. बिजागऱ्यांच्या आत, जिथे टूथब्रश पोहोचत नाही, तिथे माझ्या इतक्या दिवसांच्या चिखलांचे थर एकावर एक बसलेले, जुने खाली, नवे वर. आणि दोन्ही बाजूंची पांढरी वर्तुळं मात्र सगळ्या गाडीपेक्षा उजळ. मी कितीतरी वेळ बघत बसलो. मग खुर्ची वळवून विचारलं, मध्ये कुणाला न घालता, “आई, ही फुलीच एवढी का घासलीत?”

“ती रोज पुसायचीच असते,” त्या म्हणाल्या. “लांबून दिसली नाही तर गोळी मारणारा थांबणार कसा?”

थोड्या वेळाने म्हणाल्या, “त्या दाराचा रंग माझ्यामुळे गेला वाटतं. मी उजव्या हातात तिथेच धरते. चुकलं का हो काही?”

मी म्हणालो, “नाही आई.” वॉर्निशची बाटली बंद केली. गाडी तशीच न्यायची ठरवली.

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होतं. आई म्हणाल्या, मीही येते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, कारण तिथे चांगला दणदणीत जिना आहे. खालीच बसा, आम्ही फोटो दाखवतो, असं तुमच्या बहिणीने सुचवून बघितलं. आई तोवर चपला घालून दारात. जिन्यापाशी पोहोचलो. आईंच्या एका हातात काठी (वॉकरवर अजून टॉवेल आहेत), आणि दुसरा हात हवेत. मी दोन पायऱ्या वर, खोका छातीशी धरून, भीतीने नुसता उभा. तेव्हा त्या माझ्याकडे बघून, सगळ्या लोकांसमोर, म्हणाल्या, “अरे, हात दे ना! बघत काय राहिलास?”

‘अरे.’ दादा, तुम्हाला जन्मापासून मिळालंय, त्यामुळे तुम्हाला त्यात काही वाटणार नाही. मी खोका तुमच्या बहिणीच्या हातात दिला आणि हात पुढे केला. जिना आम्ही सावकाश चढलो. मागे लोक खोळंबले होते. खोळंबू दे म्हटलं.

जनरल आले, भिंग लावलं, वाकले. वाकलेलेच राहिले. मग बाजू बदलून पुन्हा वाकले. हॉलमध्ये चिखलाने माखलेल्या गाड्यांच्या रांगाच्या रांगा होत्या, आणि हे माझ्या अर्धवट धुतलेल्या ॲम्ब्युलन्ससमोर गुडघ्यावर हात टेकून उभे. शेवटी म्हणाले, “ही गाडी जाऊन आलेली आहे. आणि आल्यावर कुणीतरी तिची काळजी घेतलेली आहे.” मग माझ्याकडे वळून, “हे कोणतं तंत्र?” मी काहीतरी जड शब्द जुळवत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, “धुणं माझं आहे. चिखल याचा.”

इथे घोटाळा झाला. नियमाप्रमाणे मॉडेल एकाच माणसाच्या हातचं हवं. जनरल भले माणूस, पण नियम त्यांनीच लिहिलेले, त्यामुळे ते मोडायला त्यांना फार यातना होतात. दोघांनी मिळून केलेल्या कामाला एकच गट होता, ‘पालक व पाल्य’. मी म्हणालो, जाऊ द्या, नुसती मांडून ठेवू. आई म्हणाल्या, “का? मी पालक नाही?” जनरलनी माझ्याकडे बघितलं, माझ्या टकलाकडे बघितलं, नियमांत वयाची अट लिहायची राहून गेली आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी निमूटपणे आमची गाडी उचलून खिडकीजवळच्या बुटक्या टेबलावर ठेवली. एका बाजूला कापसाच्या धुराचं विमान, दुसऱ्या बाजूला दोन शेपट्यांच्या एका मुलीची आणि तिच्या बाबांची जांभळी जीप. आमच्या गाडीपुढे कार्ड लागलं, ‘पालक: निवृत्त हेड सिस्टर. पाल्य: जावई.’ आई शेजारच्या छोट्या खुर्चीत बसल्या, येणाऱ्या प्रत्येकाला दाराची मूठ दाखवत होत्या, आणि कुणी बोट लावायला गेलं की हात धुतले आहेत का म्हणून विचारत होत्या.

पहिला नंबर जांभळ्या जीपला गेला. आमचा दुसरा. मला वाटलं, आई जनरलना काहीतरी सुनावणार. पण त्यांनी चष्मा लावून जीप नीट बघितली आणि निकाल मान्य केला. म्हणाल्या, “तिची गाडी आपल्यापेक्षा स्वच्छ आहे.” बक्षीस म्हणून रंगीत खडूंची पेटी मिळाली. ‘आपल्यापेक्षा’ हा शब्द मी घरी येईपर्यंत चघळत होतो.

तर आईंची तब्येत ही अशी आहे. वहिनींना नमस्कार. खोकल्यावर कोमट पाणी प्यायला सांगा, असं आई सांगतात. मी फक्त लिहून घेतोय.

तुमचा,
तुमच्या बहिणीचा नवरा (पाल्य गट)

ता. क. दादा, तुम्ही येत्या रविवारी आईंना न्यायला येणार, असं तुमच्या बहिणीकडून कळलं. एवढ्यात येऊ नका. आमच्या गल्लीतला रस्ता खणून ठेवला आहे, गाडी लावायला जागा नाही, शिवाय तुमचे जिने आणि ती लिफ्ट आहेच. डॉक्टरही प्रवास नको म्हणाले. (म्हणतील. विचारायचं राहिलंय.) आणखी एक कारण आहे, पण ते कारण म्हणून लिहिण्यासारखं नाही. टेबलाशी आता दुसरी खुर्ची असते. ती उचलली तर खोली फार मोठी वाटेल. हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाका, आईंना यातलं काही कळायला नको. पेटीत टाकायला त्यांच्याच हाती देतोय, कारण कोपऱ्यापर्यंत चालण्याचा व्यायाम होतो. पाकीट मी स्वतः नीट चिकटवलं आहे.

ता. क. २. चि. दादास अनेक आशीर्वाद. पाकिटाचा डिंक किटलीच्या वाफेवर सुटतो. रस्ता खणलेला नाही आणि गाडी लावायला भरपूर जागा आहे. हा गाडी रोज लांब लांब ठेवतोय हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. फ्रिजवर ॲम्ब्युलन्स कोण ठेवतं? पण इतका खटाटोप करतोय म्हटल्यावर मीही उठत राहिले. मला पडायची भीती वाटत होती. जन्मभर दुसऱ्यांना “काही होत नाही, उठा” म्हणत आले, मग मी ते कोणत्या तोंडाने सांगणार! याला बोलू नकोस, त्याला वाटू दे त्याचीच युक्ती.

पुढच्या वर्षी आम्ही हॉस्पिटलची आगगाडी करणार आहोत, मोठ्यांच्या गटात, दोघांच्या नावाने. चष्मेवाल्यांना नियम बदलायला सांगितलं आहे. बदलतील. तेव्हा रविवारी जरूर ये, पण न्यायला येऊ नकोस, भेटायला ये. आणि माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात बारीक चिमट्यांचा स्टीलचा डबा आहे, तो न विसरता आण. याचे चिमटे अगदीच कामाचे नाहीत.

आई